घड्याळ लावा, मग सौदा करा

वित्तीय बाजारांसाठीचे युरोपीय संघाचे ‘मिफिड-२’ नियम ३ जानेवारी २०१८ला लागू झाले. खरे तर ते वर्षभर आधीच यायचे होते. पण यंत्रणा तयार नव्हत्या, आणि त्यात नियामकांच्याही होत्या!

यातले सर्वांत चमत्कारिक कलम घड्याळाचे. संगणकाने अतिवेगवान सौदे करणाऱ्यांचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेपासून १०० मायक्रोसेकंदांहून अधिक हलता कामा नये, म्हणजे पापणी लवते त्याच्या हजाराव्या भागाइतकी सूट. वेळेची नोंद एक मायक्रोसेकंदापर्यंत नेमकी हवी. फोनवरच्या सौद्यांना मात्र एक सेकंद माफ. कोणती ऑर्डर आधी आली हेच ठरत नसेल, तर बाजारातली लबाडी पकडायची कशी?

नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची जुनी ‘एनटीपी’ पद्धत साधारणतः मिलिसेकंदांत चालते. इथे ती तोकडी पडते. म्हणून छतावर जीपीएस अँटेना, वेळेचा वेगळा सर्व्हर, वेळ अधिक नेमकी जुळवणारी ‘पीटीपी’ प्रणाली आणि वेळेचा शिक्का स्वतःच मारणारी नेटवर्क कार्डे लागतात. सॉफ्टवेअरमध्ये शिक्का नेमका कुठे बसतो, तेही लिहून दाखवावे लागते. ही सारी व्यवस्था वर्षातून किमान एकदा तपासणे बंधनकारक आहे.