काका, काके आणि कॉम्प्युटर : नावांची रूपं बदलताना व्याकरण कसं कामाला येतं



मुलांना पायथॉन शिकवताना एक गोष्ट हमखास दिसते. गणित बरोबर असतं, तरी प्रोग्रॅम चालत नाही. मूल वैतागून म्हणतं, "मला कोडिंग जमतच नाही." आपण पाहावं तर चूक निघते नावात. वर एकूण_गुण लिहिलेलं असतं, खाली एकूणगुण. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, पण कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी नावं आहेत. म्हणून आज या नावांबद्दल बोलू.

नाव लिहिण्याच्या तीन पद्धती

प्रोग्रॅममधल्या नावात साधारणपणे मोकळी जागा चालत नाही. मग दोन शब्द जोडायचे कसे?

१. स्नेक केस : शब्दांमध्ये खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोअर. उदा. एकूण_गुण. पायथॉनमध्ये व्हेरिएबल आणि फंक्शनची नावं अशी लिहितात. पायथॉन ३ मध्ये देवनागरी नावंही चालतात.

२. कॅमल केस : शब्द सलग लिहायचे आणि दुसऱ्या शब्दापासून प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं. मधलं मोठं अक्षर उंटाच्या वशिंडासारखं वर येतं, म्हणून हे नाव. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये हीच रीत आहे. देवनागरीत कॅपिटल अक्षरंच नाहीत, त्यामुळे मराठी नावांना ही पद्धत लागू होत नाही.

३. केबॅब केस : शब्दांमध्ये आडवी रेघ. वेबसाइटच्या पत्त्यांत ती दिसते. पायथॉनमध्ये मात्र एकूण-गुण लिहिलंत, तर कॉम्प्युटर 'एकूण वजा गुण' असं वाचतो!

एका पद्धतीतून दुसरीत

इथे दोन पायऱ्या असतात. आधी नाव सुट्या शब्दांत तोडायचं, मग नव्या पद्धतीने जोडायचं. जोडणं सोपं असतं, तोडताना अडतं. कॅमल केससाठी मुलं नियम करतात, 'कॅपिटल अक्षर दिसलं की नवा शब्द.' पण नावात 'एक्सएमएल' असेल तर? त्याची तिन्ही अक्षरं कॅपिटल असतात. मग नियम त्याचे एक्स, एम, एल असे तीन तुकडे करतो. म्हणजे नियमाला अपवाद जोडावा लागतो.

शब्दांची रूपं

२००४ साली आलेल्या रूबी ऑन रेल्स या प्रणालीत मॉडेलचं नाव 'पर्सन' ठेवलं, तर ती डेटाबेसमध्ये आपणहून 'पीपल' नावाचा तक्ता शोधते. हे तिला कसं कळतं? तिच्यात इंग्रजी अनेकवचनाचे नियम भरलेले आहेत आणि सोबत अपवादांची यादीही आहे. चाइल्डचं चिल्ड्रन होतं, शीप आणि राइस तसेच राहतात. अगदी आपल्या व्याकरणाच्या पुस्तकासारखं!

आता हेच मराठीत करून बघा. 'शेवटी आ असेल तर ए करा' हा नियम दिला की आंबा-आंबे, घोडा-घोडे छान जमतं. पण काकाचं होतं 'काके' आणि मामाचं 'मामे'! पुढे हे चार शब्द घ्या. चारही अकारान्त आहेत :

- दगड – दगड – दगडावर
- घर – घरे – घरावर
- वाट – वाटा – वाटेवर
- भिंत – भिंती – भिंतीवर

शेवट सारखा असूनही अनेकवचनं चार प्रकारची झाली. दगड पुल्लिंगी, घर नपुंसकलिंगी, म्हणून त्यांची वाट वेगळी. पण वाट आणि भिंत दोन्ही स्त्रीलिंगी असूनही वेगळ्या वागतात. कॉम्प्युटरला फक्त अक्षरं दिसतात. लिंग आणि अपवाद आपणच सांगावे लागतात. "व्याकरण कशाला शिकायचं?" असं मुलांनी विचारलं, तर हे उत्तर त्यांना पटतं.

घरी करून पाहा

मुलांना दहा नामं द्या आणि अनेकवचनाचे नियम कागदावर लिहायला सांगा. मग तुम्ही कॉम्प्युटर व्हा. नियमात लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल वापरायची नाही! 'काके' आलं की मुलं हसतील आणि लगेच नियम दुरुस्त करायला बसतील. प्रोग्रॅमरही रोज हेच करतात. चूक निघाली म्हणजे कोडिंग जमत नाही असं नाही, नियमात एक ओळ कमी पडली एवढंच.