भाकड म्हैस ठेवावी की विकावी?

दुष्काळात जनावराचा भाव पडतो आणि कडब्याचा चढतो. 2015-16 साली मराठवाड्यात हेच झाले. त्यातच मार्च 2015 पासून बैल, वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्याने कुरेशी बांधवांचा मोठ्या जनावरांचा व्यवहार म्हशींपुरता उरला होता. म्हणून भाकड म्हैस विकायचीच तर अंगावर मांस असतानाच विका. छावणीच्या भरवशावर थांबणे आमच्या मते तोट्याचे.

ठेवायची असल्यास 100 किलो वाळल्या चाऱ्यावर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, दाबून 21 दिवस हवाबंद झाका. लहान वासरांना मात्र तो देऊ नये. युरियाचे पाणी जनावराने प्यायले तर विषबाधा होते. पावसाअभावी खुरटलेली कोवळी ज्वारीही तशीच घातक. फुलोऱ्यापूर्वी तिच्यात गुरे सोडू नका.