पहारा होता, पण आंधळा

आज बहुतेक सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून लिहिले जात नाही. इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे संच, म्हणजे लायब्ररी, त्यात जोडलेले असतात. ‘अपाची स्ट्रट्स’ हा जावामधला असाच लोकप्रिय संच. मार्च २०१७मध्ये त्यातली एक गंभीर त्रुटी उघड झाली आणि दुरुस्त आवृत्तीही मिळाली. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीत ती बसवण्याची सूचना फिरली. तरी ग्राहकांच्या तक्रारींचे पोर्टल जुन्याच आवृत्तीवर चालत राहिले आणि मे महिन्यात हल्लेखोर आत शिरले.

मग देखरेख यंत्रणा काय करत होती? कूटबद्ध वाहतूक उलगडून तपासण्यासाठी तिला लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती. वाहतूक न तपासताच पुढे जात होती! २९ जुलैला प्रमाणपत्र बदलले आणि संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली होती. हे सहज टळले असते.

अर्थात, जुनी लायब्ररी नेमकी कुठेकुठे दडली आहे हे शोधणेच अनेकदा सर्वांत अवघड असते. डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीतली त्रुटी उघड झाली त्या वेळी जगभरच्या क्लाउड कंपन्या त्यासाठीच धावत होत्या. पहिली दुरुस्ती, २.१५.०, अपुरी ठरली. त्याच महिन्यात २.१६.० आणि २.१७.० याही आवृत्त्या काढाव्या लागल्या.