गोष्टीतला 'तो' की 'ती'?

मुलांना गोष्ट लिहायला सांगितली की पहिला प्रश्न येतो : पात्र मुलगा घेऊ की मुलगी? डिप्टी नज़ीर अहमद यांनी यावर चांगलाच विचार केलेला दिसतो. 'मिरातुल उरूस' (१८६९) मध्ये नोकराणीची हिशेबातली लबाडी पकडणारी, घरी मुलींना शिकवणारी असगरी त्यांनी उभी केली. 'तौबतुन्नसूह'मध्ये मात्र घर सुधारण्याचा विडा बाप नसूह उचलतो. तरबियत हे एकट्या आईचे काम नव्हे, हे पात्राच्या निवडीतूनच कळते. बेगम रुकैया यांनी 'सुलतानाज ड्रीम'मध्ये (१९०५) पुरुषांना पडद्यात बसवले आणि राज्यकारभार स्त्रियांकडे दिला. वाचक हसतो आणि विचारात पडतो.

आम्ही वर्गात एक सोपी कसोटी सांगतो. गोष्ट झाली की सलमाच्या जागी सलीम लिहून पाहा. दादीला औषध देणारा, भांडी घासणारा सलीम खटकला, तर दोष गोष्टीचा नाही, आपल्या सवयीचा आहे. हुजूर (स.) स्वतःची चप्पल सांधत, घरकामात हात लावत, हे आपण मुलांना शिकवतोच. मग ते त्यांच्या वहीत आणि आपल्या स्वयंपाकघरातही दिसायला हवे.