पिस्तुलाचा चाप किती हलका असावा?

गोमंतकातील बागायतदाराच्या घरी बंदूक असली तर ती बहुधा एकनळी किंवा दुनळी असते. रानडुकरांनी भातशेत नासू नये, वानरांनी बागेची धूळधाण करू नये, एवढ्यासाठीच तिचा परवाना काढलेला असतो. आणि निवडणूक जाहीर झाली की ती मुकाट्याने पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. या बंदुकीचा चाप जड आहे की हलका याची चौकशी कोणी करीत नाही. बार काढावा, नळी मोडावी, टरफल काढावे, दुसरे काडतूस भरावे. तेवढ्या अवधीत डुक्कर पसार होते, आणि बंदूक भलत्याच कारणासाठी हाती घेतली असेल तर माणसाचा रागही पुष्कळसा ओसरतो.

पिस्तुलाची गोष्ट निराळी आहे. त्यात तो अवधी नाही. जो काही अवधी आहे तो बोटाच्या पुढेमागे होण्यापुरता, काही मिलिमीटरांचा. गेल्या काही वर्षांत पिस्तुलांच्या कारखानदारांनी आपले सारे कौशल्य या काही मिलिमीटरांवर खर्च केले आहे. चाप अधिक गुळगुळीत झाला, अधिक हलका झाला आणि अधिक लवकर परत येऊ लागला, असे प्रत्येक नव्या नमुन्याबरोबर अभिमानाने सांगितले जाते. ही सुधारणा खरी आहे. परंतु ती कोणाच्या हाती सुधारणा ठरते, हा प्रश्न कारखानदाराच्या जाहिरातीत मावणारा नाही, म्हणून आज आम्ही तो येथे घेत आहोत.

प्रथम यंत्र समजून घेऊ. अर्धस्वयंचलित पिस्तुलातून गोळी सुटताच तिच्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत सारते. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी घडते. त्या क्षणी नेमबाजाचे बोट कोठे असते? ते अद्याप चापावर दाबलेलेच असते. मग दुसरी गोळी आपोआप का सुटत नाही? याचे श्रेय एका लहानशा पोलादी तुकड्याला आहे. स्लाइड मागे जाताच तो चाप आणि घोडा यांच्यामधील दुवा तोडतो, आणि बोट सैल करून चाप काही अंतर पुढे येऊ दिल्याखेरीज तो दुवा पुनः जुळत नाही. जुन्या टंकलेखन यंत्राची कळ कितीही वेळ दाबून धरली तरी एकच अक्षर उमटे. दुसऱ्यासाठी बोट उचलावेच लागे. तसेच हे. दुवा पुनः जुळण्याच्या या क्षणाला नेमबाज मंडळी ‘रीसेट’ म्हणतात. चांगल्या पिस्तुलात तो बोटाला स्पष्ट कळतो, आणि शांत जागी कानालाही ऐकू येतो.

दाबताना मात्र बोटाला निराळेच अनुभव येतात. आधी थोडी मोकळी ओढ, मग एक अडण, आणि मग सुटका. ही सुटका वाळलेली काटकी मोडावी तशी एकदम व्हावी, वाळूत दोरखंड ओढावा तशी खरखरत होऊ नये, अशी नेमबाजाची इच्छा असते. हा केवळ हौशी माणसाचा चोखंदळपणा नव्हे. स्पर्धेच्या पिस्तुलावर पुढच्या व मागच्या खुणांतील अंतर फार तर २२ सेंटिमीटर असते. खरखरीत चाप ओढताना त्यांपैकी एक खूण केवळ १ मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवरील लक्ष्यावर गोळी ११ सेंटिमीटर दूर जाते.

चापाचा हा गुण कसा बिघडतो याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्रकाराने आरंभिलेले आणि त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियममध्ये द्येदोने सेव्ह याने पूर्णत्वास नेलेले ‘हाय पॉवर’ पिस्तूल १९३५ मध्ये तेथील सैन्याने स्वीकारले. आपल्या इशापूरच्या कारखान्यातील ९ मिलिमीटरचे पिस्तूल याच घराण्यातले. मॅगझिन काढलेले असताना चुकून बार उडू नये म्हणून ब्राउनिंगच्या या पिस्तुलात एक जादा योजना केली होती. ती योजना मॅगझिनच्या अंगावर घासत राही, आणि प्रत्येक ओढीत ते घर्षण बोटाला जाणवे. परिणामी कित्येक जाणकारांनी सुरक्षिततेची ती योजनाच काढून टाकली! सुरक्षितता अशी बसवावी की तिच्या त्रासाने माणूस ती उपटून फेकील, यात कोणाचे शहाणपण दिसते?

क्रीडाक्षेत्राने हा प्रश्न पुष्कळच समंजसपणे सोडविला आहे. ऑलिंपिकमधील २५ मीटर रॅपिड फायर या प्रकारात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडावयाच्या असतात. प्रथम ८ सेकंदांत, मग ६, आणि अखेर ४ सेकंदांत. २०१२ मध्ये लंडन येथे आपल्या लष्करातील विजयकुमार याने या प्रकारात रौप्यपदक मिळविले. त्या अंतिम फेरीत ४० पैकी ३० गोळ्या त्याने लक्ष्याच्या ठरलेल्या भागात घातल्या. क्यूबाच्या ल्यूरिस पुपो याने ३४ घालून सुवर्णपदक नेले. चार सेकंदांत पाच बार म्हणजे दर बाराला सेकंदाहूनही कमी वेळ, आणि त्यातच हात एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर न्यावयाचा. येथे चाप किती लवकर परत येतो यावर पदक अवलंबून असू शकते. एके काळी या प्रकारात अत्यंत हलक्या चापाची पिस्तुले चालत. २००५ पासून नियम बदलला. चाप निदान १००० ग्रॅमचे वजन उचलूनही सुटता कामा नये, असे ठरले, आणि प्रत्यक्ष वजन टांगून त्याची तपासणी होते. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले त्या महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारालाही हीच मर्यादा आहे. एक किलो हे वजन काही फार नाही. पण ज्या हाताने ते पेलावयाचे त्या हातामागे वर्षानुवर्षांचा, रोजचा सराव असतो.

पोलीस शिपायाचा हात तसा नसतो. न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याची कहाणी या बाबतीत फार उद्बोधक आहे. तेथील शिपाई जड चापाच्या रिव्हॉल्व्हरांना सरावलेले होते. १९९३ मध्ये खात्याने ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांना मान्यता दिली तेव्हा अधिकाऱ्यांना भीती वाटली, की हलक्या चापामुळे नको तेव्हा बार उडतील. त्यातील ऑस्ट्रियन बनावटीच्या ग्लॉक पिस्तुलाचा चाप मूळचा सुमारे अडीच किलोंचा. खात्याने आपल्यापुरता तो जवळजवळ साडेपाच किलोंचा करून घेतला. भरलेले पिस्तूल स्वतः एक किलोचेही नाही, आणि ते स्थिर धरून साडेपाच किलोंच्या जोराने चाप ओढावयाचा!

याचे फळ काय? २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका खुन्यावर दोन शिपायांनी १६ गोळ्या झाडल्या. खुनी ठार झाला, परंतु रस्त्यावरील नऊ निरपराध माणसे जखमी झाली, आणि ती सर्व पोलिसांच्याच गोळ्यांनी वा त्या गोळ्यांच्या तुकड्यांनी. जड चापावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. आता यावर कोणी म्हणेल, नेम चुकला तरी चालेल, निदान अपघाती बार तर टळले ना? तेही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रुकलिनमधील एका अंधाऱ्या जिन्यात पिस्तूल हाती घेऊन शिरलेल्या नवख्या शिपायाचा बार उडाला, आणि खालच्या मजल्यावर उभा असलेला २८ वर्षांचा निःशस्त्र तरुण प्राणास मुकला. पिस्तूल त्याच जड चापाचे होते. खटल्यात ज्यूरीच्या सभासदांनी ते मागवून स्वतःच्या बोटांनी तो चाप ओढून पाहिला, आणि शिपायाला दोषी ठरविले. पुढे २०२१ मध्ये त्याच खात्याने नव्या भरतीच्या शिपायांस हलक्या चापाची पिस्तुले देण्याचे ठरविले. सराव कमी पडतो म्हणून यंत्र अवघड करून ठेवणे हा स्वस्त उपाय होता, आणि त्याची किंमत रस्त्यावरील माणसांनी व त्या जिन्यातील तरुणाने दिली.

दुसऱ्या टोकाला याहून मोठा अनर्थ आहे. चाप हलका करणे वेगळे, आणि बोट उचलण्याची गरजच नाहीशी करणे वेगळे. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने मशीनगनची व्याख्या केली ती अशी, की चापाच्या एका क्रियेने एकाहून अधिक बार आपोआप काढणारे ते शस्त्र. नव्वद वर्षांनंतर या ‘एका क्रिये’चा अर्थ ठरविण्याची पाळी तेथील सर्वोच्च न्यायालयावर आली. २०१७ मध्ये लास व्हेगास येथे एका माथेफिरूने रायफलींना विशिष्ट दस्ता जोडून गोळ्यांचा पाऊस पाडला. त्यात ६० माणसे मेली. सरकारने त्या दस्त्यांवर बंदी घातली. १४ जून २०२४ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती बंदी अवैध ठरविली. कारण काय, तर प्रत्येक बारानंतर चाप पुनः सज्ज होतो, म्हणजे प्रत्येक बार ही चापाची स्वतंत्र क्रिया! न्यायमूर्ती टॉमस यांनी आपल्या निकालपत्रात चापाच्या अंतर्भागाच्या आकृत्याच छापल्या आहेत. त्या आकृत्या अचूक असतील. पण मेलेल्या माणसांच्या संख्येकडे पाहता अचूकपणाचा हा प्रकार आम्हांस तरी पटत नाही. अल्पमतातील न्यायमूर्ती सोटोमायर यांनी माणसाच्या बोटाकडे पाहिले, यंत्राच्या दातऱ्याकडे नाही, आणि आमच्या मते तीच दृष्टी योग्य होती.

पुढे मे २०२५ मध्ये चाप बळजबरीने परत फेकणाऱ्या यंत्रणेच्या एका उत्पादकाशी अमेरिकन सरकारने तडजोड केली. तीत अशी यंत्रणा पिस्तुलांसाठी बनवू नये, अशी अट घातली. रायफलीला चालते ते पिस्तुलाला का चालू नये, याचे उत्तर सरकारला ठाऊक असावे: पिस्तूल खिशात मावते. त्याखेरीज पिस्तुलाला जोडून ते पूर्ण स्वयंचलित करणारा नाण्याएवढा एक तुकडा तेथील गुन्हेगारांत बोकाळला आहे. शिकागो शहराने २०२४ मध्ये त्यापायी कारखानदारावरच दावा लावला, आणि ज्या पिस्तुलांना तो तुकडा सहज बसतो त्यांच्या विक्रीला मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये केला.

आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील शब्दयोजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. चापावर दाब दिला असता तो दाब काढीपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, ते शस्त्र निषिद्ध, असे आपला कायदा म्हणतो. चाप आत किती हलला, दुवा कितीदा जुळला, हा काथ्याकूट येथे नाही. बोटाचा दाब चालू आहे काय आणि गोळ्या सुटत आहेत काय, एवढेच पाहावयाचे. आपल्याकडील कायद्यांच्या भाषेला आम्ही वारंवार नावे ठेवीत असतो; या एका ठिकाणी मात्र तिचे कौतुक करावयास हवे.

उरला आपल्या पोलिसांचा प्रश्न. अनेक राज्यांत जुनी रिव्हॉल्व्हरे जाऊन शिपायांच्या कमरेला पिस्तुले आली आहेत, आणि आणखी येतील. खरेदीची निविदा काढताना किंमत पाहिली जाते, मॅगझिनमध्ये किती गोळ्या मावतात हे पाहिले जाते. चाप किती किलोंचा, तो किती पुढे आल्यावर पुनः सज्ज होतो, आणि ज्यांच्या हाती तो जावयाचा त्यांनी तो ओढून पाहिला आहे काय, हे विचारले जाते की नाही याची आम्हांस शंका आहे. त्याहून मोठी शंका काडतुसांविषयी आहे. शिपायाला वर्षाकाठी सरावासाठी किती काडतुसे मिळतात, आणि त्यांपैकी किती तो प्रत्यक्ष झाडतो, हे दोन आकडे गृहखात्याने विधानसभेत ठेवावेत. नव्या पिस्तुलांची मागणी त्यानंतर मांडावी.