अंतर भागिले वेग... पण कोणतं अंतर?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभी राहतेय. अमेरिकेतल्या हॅनफर्डला तिची एक जोडीदार आहे. दोघींमधलं अंतर किती?

समजा, दोन्हीकडे विमानतळ असते. पृथ्वीच्या पाठीवरून जवळचा मार्ग सुमारे १२,५०० किमी. ताशी ९०० किमी वेगाने जवळपास १४ तास.

गुरुत्वीय लहर मात्र असा वळसा घेत नाही. ती पृथ्वीच्या पोटातून आरपार जाते, तीही प्रकाशाच्या वेगाने. तिच्यासाठी अंतर सरळ रेषेतलं, सुमारे १०,६०० किमी. दोन्हीकडच्या नोंदींत फरक पडला तर जास्तीत जास्त ३५ मिलिसेकंदांचा.

इथे चुकून विमानाचं अंतर धरलं, तर उत्तर ४२ येतं. मग काय बिघडतं? दोन नोंदी एकाच लहरीच्या आहेत का, हे तपासताना मुभा उगाच वाढते आणि योगायोगाने जुळलेला गोंगाटही आत शिरतो.

१४ सप्टेंबर २०१५ ला टिपलेली पहिली लहर लिव्हिंग्स्टनला हॅनफर्डच्या सुमारे ७ मिलिसेकंद आधी पोचली. त्या दोन ठिकाणांत सरळ अंतर सुमारे ३,००० किमी, म्हणजे मर्यादा १० मिलिसेकंद. हिशोब बसला.

तेव्हा प्रबंधात ‘अंतर’ लिहिताना आधी विचारा: हे कोणाच्या वाटेचं?