दम्याचा झटका आणि बोटावरील आकडा

करोनाच्या साथीत ऑक्सिमीटर हे लहानसे उपकरण घरोघरी पोहोचले. चिमट्यासारखे बोटाला लावताच ते रक्तातील प्राणवायूचे प्रमाण दाखविते. परंतु दम्याचा तीव्र झटका आलेल्या मुलाच्या बाबतीत केवळ या आकड्यावर विसंबणे जिवावर बेतू शकते.

या उपकरणामागील तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. प्राणवायूने युक्त असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश व अवरक्त किरण निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते. नाडीच्या ठोक्यागणिक होणारा हा बदल मोजून यंत्र टक्केवारी काढते. निरोगी व्यक्तीत ती साधारणतः ९५ ते १०० असते.

झटक्यात श्वासनलिका आकसतात, सुजतात व चिकट कफाने भरतात. आरंभी रुग्ण जलद श्वास घेऊन ही उणीव भरून काढतो. त्यामुळे त्रास वाढत असतानाही आकडा काही काळ चांगला दिसू शकतो. शिवाय थकलेल्या रुग्णाच्या रक्तात साचणारा कार्बन डायऑक्साइड हे यंत्र मोजत नाही. म्हणूनच आपत्कालीन विभागात डॉक्टर श्वासाची गती, छातीतील आवाज आणि बोलण्याची क्षमताही तपासतात. ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांनुसार ९२ टक्क्यांखालील आकडा हे जीवघेण्या झटक्याचे लक्षण होय. प्राणवायू देताना प्रमाण ९४ ते ९८ टक्के राखण्याचा प्रयत्न केला जातो.

आकडा फसवाही असू शकतो. थंड बोटे, नखांवरील रंग किंवा हालचाल यांमुळे तो चुकतो. २०२० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राच्या नजरेतून निसटलेली प्राणवायूची तूट कृष्णवर्णीय रुग्णांत श्वेतवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळली. गडद त्वचेवर यंत्र प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवू शकते, ही बाब आपणही ध्यानी ठेवावी.

तेव्हा पालकांनी व वसतिगृहातील कार्यकर्त्यांनी आधी मुलाकडे पाहावे, मग यंत्राकडे. एका दमात वाक्य पुरे होत नसेल, बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर झाले असतील, मूल गुंगीत जात असेल किंवा त्रास कायम असताना छातीतील घरघर एकाएकी थांबली असेल, तर आकडा ९६ असला तरी थांबू नये. डॉक्टरांनी सांगितलेले श्वासनलिका मोकळी करणारे इनहेलरचे औषध द्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कमी आकडा धोक्याची निश्चित सूचना देतो. चांगला आकडा मात्र सुरक्षिततेची हमी देत नाही.